निर्जळीचा माठ

“जे दिसलं नाही, ते ‘नाही’ असं लिहायचं नाही. ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. आणि मग ते दिसेल अशी काहीतरी तजवीज करायची.”

आचरेकर मॅडमचा आवाज. माझ्या शिकण्याच्या दिवसांत त्या खुर्चीमागे उभ्या राहून हे सांगायच्या. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तो आवाज मला पुन्हा ऐकू आला. अंधाऱ्या खोलीत टेबलावर शालन गुरव आडवी झाली होती, तिच्या पोटावर मी प्रोब फिरवत होते, आणि जे बघायचं होतं नेमकं तेच दिसत नव्हतं.

माझं सोनोग्राफीचं यंत्र तेव्हा डॉ. रणदिव्यांच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या एका खोलीत होतं. तालुक्याचं गाव, कोरडा मुलूख. सरांच्या हाताला यश होतं. लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरून बाया बाळंतपणाला त्यांच्याकडे येत. शालनची आधीची दोन्ही सिझर त्यांनीच केलेली. हे तिसरं. आठवा महिना संपत आलेला, दोनदा थोडं थोडं अंगावर गेलेलं. सरांची चिठ्ठी दोन ओळींची होती : ‘वारेची जागा आणि बाळाचं वजन. उद्या सकाळी सातला सिझर.’ उद्या म्हणजे गणेश चतुर्थी. दहाच्या आत त्यांना घरचा गणपती बसवायचा होता.

वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, खाली आहे हे पडद्यावर पहिल्या मिनिटालाच कळलं. गर्भाशयाच्या तोंडावरच बसली होती, आणि पुढच्या अंगाला, जुन्या टाक्यांच्या बरोबर वर. तेवढंच असतं तर मी वजन लिहून मोकळी झाले असते. पण वारेत काळी काळी भोकं होती, घावनाला पडतात तशी, लहानमोठी, वेडीवाकडी. अशी वार मी आयुष्यात एकदाच पाहिली होती.

जुन्या टाक्यावर बसलेली वार कधीकधी तिथे नुसती टेकत नाही, रुतते. झाडाचं मूळ भिंतीत शिरावं तशी. बाळंतपणानंतर ती आपणहून सुटत नाही, आणि ओढली तर रक्त थांबत नाही. रुतली आहे की टेकली आहे हे ठरवायचं तर गर्भाशय आणि लघवीची पिशवी यांच्यामधली एक पांढरी रेघ बघावी लागते. रेघ सलग असली की देव पावला. पण ती दिसायला लघवीची पिशवी निदान अर्धी भरलेली हवी, आणि शालनची रिकामी होती. चुरगळून टाकलेल्या रुमालासारखी.

“शालन, सकाळपासून पाणी किती प्यायलीस?”

“पिलं न्हाई.”

“एक घोटसुद्धा नाही?”

उत्तर कोपऱ्यातल्या स्टुलावरून आलं. तिथे तिची सासू बसली होती, आक्काताई. उंच, सुकी बाई, मांडीवर देवळाच्या किल्ल्यांचा जुडगा. “निर्जळी हाय, डॉक्टरीणबाई. आज हरतालिका. आमी महादेवाचं गुरव. सांजच्याला आख्ख्या गावच्या बाया आमच्या देवळात वाळूचं लिंग पुजाय येत्यात. गुरवाच्या घरातल्या बायांनीच पाणी पिलं तर त्यांनी काय करावं, च्या प्यावा?”

“हिला आठवा महिना आहे, आजी.”

“मला बी हुता. चारदा.” मग तिने भिंतीवरच्या पाटीकडे हनुवटी उडवली. “आन् पोरगा का पोरगी आमी इचारत न्हाई. बोर्ड वाचलाय. वार बगाय सांगितलीया, ती दिसली न्हवं?”

“दिसली. पुरती दिसली नाही. त्यासाठी हिनं पाणी प्यायला हवं.”

“मग सलाईन लावा की. त्ये तोंडानं जात न्हाई. उपासाला बाट न्हाई त्येचा.”

शालनने टेबलावरूनच मान वळवली. तोवर ती फार बोललीच नव्हती. “आत्या, सलाईन म्हंजी पाणीच की. देवाला फसवायचंच आसंल तर तांब्यानं पिलेलं बरं.” आणि मग माझ्याकडे बघून, “तुमचा बी उपास हाय न्हवं? बाहेर सिस्टर सांगत हुत्या.”

“आहे.”

“निर्जळी?”

“निर्जळी.”

“किती वर्सं?”

“पंचवीस.”

“मग मला मोडाय सांगताय, ते कुठल्या तोंडानं?”

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सोळाव्या वर्षी मी ही हरतालिका धरली. पहाटेचं स्नान, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, या रोजच्या नेमांत क्वचित मागंपुढं झालं असेल, हरतालिकेत नाही. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी मला सणकून ताप भरला होता. सरांनी स्वतः खाली येऊन गोळी आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. मी गोळी पदराला बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पारणं झाल्यावर घेतली. हा किस्सा सर आल्यागेल्याला सांगत. “आमच्या वैजयंतीबाई. मरतील, पण घोट घेणार नाहीत.”

मी हात पुसले आणि बाहेर गेले. खोलीच्या दाराशी माठ असायचा. सोनोग्राफीला आलेल्या बायांना पाणी पिऊन बसावं लागतं, म्हणून मीच ठेवलेला. रोज सकाळी मीच भरायची. त्या दिवशीही भरला होता. तांब्या बुडवला, आत आले, आणि शालनसमोर उभी राहून प्यायले. उभ्याने पाणी पिऊ नये असं आई सांगायची, तेही राहिलं नाही.

मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. तहान लागली होती, एवढं मात्र कळलं.

“आता गं बया,” आक्काताई म्हणाली. किल्ल्यांचा जुडगा खाली पडला.

शालन कोपरावर उठून बसली होती. ती तांब्याकडे बघत होती. “आसं काय दिसाय लागलंय तुमास्नी माज्या पोटात?”

“अजून दिसलं नाही. म्हणूनच.”

“मी पिते. पन एक कबूल करा. पुढल्या हरतालिकेला आमच्या देवळात यायचं. ह्याच माठातलं पाणी घिऊन. दोगी मिळून पिंडीवर घालू. मग बगू महादेव काय म्हणतोय त्ये.”

“येईन.”

“शपत?”

“मी शपथ घेत नाही. येईन म्हणाले.”

ती चार ग्लास प्यायली. शेवटचा तर हावरटासारखा. पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसली, आणि तेवढा वेळ आक्काताई तिच्या शेजारी, पण हातभर अंतर राखून, उपास कसा मोडतो आणि घर कसं बुडतं हे भिंतीला सांगत होती.

दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा लघवीची पिशवी अर्धी भरली होती. काठ स्वच्छ दिसत होते. रेघ होती, आणि मग नव्हती. पुन्हा थोडी होती, पुन्हा नव्हती. तीन ठिकाणी तुटलेली, आणि मधल्या तुटीतून वारेचा एक उंचवटा लघवीच्या पिशवीत डोकावत होता. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं बटण दाबलं. रक्तवाहिन्या इकडून तिकडे सरळ आरपार गेल्या होत्या, मधे भिंतच नसल्यासारख्या.

मी दिवा लावला. शालनला पोट पुसायला कापड दिलं, आणि दोघींना ऐकू जाईल असं सांगितलं. वार जुन्या टाक्यात रुतली आहे. उद्या इथे सर ती ओढून काढायला गेले तर रक्त थांबणार नाही. सांगलीला मोठ्या हॉस्पिटलात जायचं, तिथे रक्तपेढी आहे, चार डॉक्टर एकदम उभे राहतात. तिथे वारेला हात न लावता बाळ काढतील, आणि वारेसकट गर्भाची पिशवीही.

“पिशवी काढायची?” आक्काताई म्हणाली. “आदी उपास मोडलासा, आता पिशवी. आजून काय काय मोडणार हाय तुमी आज?”

“आजी, मी आधी सरांना भेटून येते. तोवर हिला एकटी सोडू नका.”

सर वरच्या केबिनमध्ये होते. टेबलावर थर्माकोलचे तुकडे पसरले होते. घरच्या गणपतीचं मखर ते दरवर्षी स्वतः कापत, ऑपरेशनच्या ब्लेडने. हात असा चालायचा की बघत राहावं.

“वजन?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“दोन किलो दोनशे. सर, वार रुतली आहे.”

त्यांनी रिपोर्ट घेतला, वाचला, माझ्यापुढे परत ठेवला. “खालची तीन वाक्यं काढा. वार खाली आहे, पुढच्या अंगाला आहे. बास.”

“का, सर?”

“का म्हणजे? ते दोन्ही टाके माझे आहेत. रणदिव्यांच्या टाक्यात वार अडकते, हे परवापर्यंत बाजारात होईल.”

“टाक्यांचा दोष नाहीच. कुणीही घातले असते तरी—”

“ते तुम्हाला कळतं. मला कळतं. आक्काताईला कळतं?” त्यांनी पुन्हा ब्लेड उचललं. “रक्ताच्या दोन बाटल्या सांगून ठेवल्यात. असल्या चिकट वारा मी हातानं सोडवत आलोय, वैजयंतीबाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून.”

“ही हातानं सुटणार नाही.”

“किती पाहिल्यात तुम्ही अशा?”

“एक.”

“एक,” ते म्हणाले, आणि मखराच्या कमानीकडे बघून हसले.

“वाक्यं राहतील, सर.”

मला मोठ्याने बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. माझं बोलणं ऐकायला माणसाला थोडं पुढे वाकावं लागतं, आणि मग बरेच जण समजतात की बाईला वाकवताही येईल.

“यंत्र तुमचं आहे,” सर म्हणाले. “खोली माझी आहे.”

“हो. संध्याकाळपर्यंत रिकामी करते. वाक्यं राहतील.”

आता त्यांनी मान वर केली. आवाज मात्र मऊ केला, आजाऱ्याशी करतात तसा. “हे बघा, आज तुमच्या पोटात अन्न नाही, पाणी नाही. उपाशी डोळ्यांना सगळीकडे भोकंच दिसतात. उद्या पारणं करा, मग बोलू.”

“मी पाणी प्यायलेय, सर.”

ब्लेड थर्माकोलमध्ये अर्ध्यावर थांबलं.

“कधी?”

“मघाशी. लघवीची पिशवी भरल्याशिवाय रेघ दिसत नव्हती. मी प्यायल्याशिवाय ती पिणार नव्हती.”

दोन वर्षांपूर्वीची गोळी त्यांनीच माझ्या हातावर ठेवली होती. मी कशासाठी पाणी पीत नाही हे त्यांना माहीत होतं. कशासाठी पिईन, हे त्या क्षणापर्यंत त्यांना माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं.

मग मी त्यांना त्या एकीबद्दल सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शिकत होते तेव्हाची गोष्ट. तिचीही दोन सिझर झालेली, वारेत अशीच भोकं. लघवीची पिशवी रिकामी होती आणि बाहेर रांग होती. मी लिहिलं, ‘वार खाली आहे. रुतलेली नाही.’ ती टेबलावरच गेली. चोवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी आचरेकर मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, आणि एवढंच म्हणाल्या, जे दिसलं नाही, ते ‘नाही’ असं लिहायचं नाही. पुढे दोन वर्षं तेच म्हणत राहिल्या.

“आणि तुमची चूक निघाली तर?” सरांनी विचारलं.

“तर तुमच्या दारावर पाटी लावा, वैजयंती चुकली म्हणून. शालन ती वाचायला जिवंत असेल.”

त्यांनी रिपोर्ट फाडला नाही. त्यावर काही लिहिलंही नाही. दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. “माझी चिठ्ठी मिळणार नाही. नेणार असाल तर तुमच्या जिवावर न्या.”

“बरं,” मी म्हणाले.

खाली आले तेव्हा शालन चप्पल घालून उभी होती. नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामावर. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, “आई म्हणंल तसं करा.” आणि आई काहीच म्हणत नव्हती. सांजेची पूजा तोंडावर आलेली. देऊळ उघडायचं, वाळू चाळायची, समया घासायच्या, आणि या कामांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

“आत्या, मी चालले,” शालन म्हणाली. “तुमी येवा न्हाईतर ऱ्हावा. घरात माज्या दोन पोरी हायती. त्यास्नी आई पायजे.”

“मोठ्या डॉक्टरनं नगं म्हटलं तर?”

“म्हटलंय,” मी सांगितलं. “ते इथंच करू म्हणतात. मी नको म्हणतेय. तुम्हाला कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. पण आज ठरवा.”

आक्काताईने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. एका बाईने पंचवीस वर्षांचा उपास मोडला तो कशाच्या भरवशावर, याचं ती वजन करत असावी. मग तिने खाली वाकून किल्ल्या उचलल्या, आणि सिस्टरच्या हातात दिल्या. “आमच्या गावची यष्टी दुपारी फाट्यावर लागती. कंडक्टरच्या हाती दे, म्हणावं पाटलिणीला द्या. आज देऊळ तिनं उगडावं. वाळू दोनदा चाळाय सांग.” आणि आम्हा दोघींकडे वळून, “तुमी दोगींनी मोडलासा. आता तिगींचा मी धरते. ही टेबलावरनं खाली येत न्हाई तवर माज्या तोंडात पाणी न्हाई. तुमी प्या खुशाल.”

मी जीप ठरवली. रिपोर्टामागे माझ्या हाताने चिठ्ठी लिहिली, सांगलीला फोन केला. सरांची चिठ्ठी का नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं. “ती मिळाली नाही. माझी आहे,” म्हटलं. ते म्हणाले, पाठवा. जीपमध्ये मी शालनच्या पायांशी बसले. रस्ताभर आक्काताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. दर अर्ध्या तासाला बाटली शालनकडे सरकवायची आणि स्वतः ओठांवरून कोरडी जीभ फिरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शालन ऑपरेशनला घेतली, अकरा वाजता बाहेर काढली. अकरा बाटल्या रक्त लागलं. पोट उघडल्याबरोबर टाक्याच्या जागी गर्भाशयाची भिंत नव्हतीच, नुसती जांभळी वार दिसत होती, असं त्या सर्जननी सांगितलं. त्यांनी वारेला बोट लावलं नाही. मुलगी झाली. तिसरी. बाहेर मी आक्काताईला ते सांगितलं, तर ती म्हणाली, “आसू दे. आदी मला पाणी द्या कुनीतरी.”

चतुर्थीच्या संध्याकाळी परत येऊन मी खोली रिकामी केली. एक दिवस उशीर झाला, तेवढाच काय तो शब्द मोडला. यंत्र घरच्या ओसरीलगतच्या खोलीत हलवलं. नव्या जागेचा परवाना यायला चार महिने गेले, तोवर ते चादरीखाली झाकून ठेवलं. माठ मीच उचलून आणला. सर जिन्यात भेटले. “वाचली?” त्यांनी विचारलं. “वाचली,” मी म्हटलं. ते वर गेले. पाटीबद्दल काही बोलले नाहीत.

परवाना आला त्या आठवड्यात त्यांची पहिली चिठ्ठी घरी आली. आधी सिझर झालेली बाई होती. चिठ्ठीवर नेहमीच्या दोन ओळी, आणि खाली तिसरी : ‘पाणी पाजून, टाक्याची जागा पाहणे.’ त्यानंतर अशा प्रत्येक बाईच्या चिठ्ठीवर ती ओळ असायची. त्या दिवसाविषयी एवढंच आमचं बोलणं.

आणि मग वर्ष फिरून भाद्रपद आला. हरतालिकेच्या पहाटे मी न्हाले, तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला. देवघरात रोजच्यासारखी बसले, पण नेहमीचं मागणं सुचेना. शालनच्या गावी जाऊन पिंडीसमोर काय बोलायचं, तेही सुचलं नव्हतं. माफी मागायची नाही, एवढं मात्र ठरलं होतं.

पेपरात जाहीर झालेली सुट्टी नव्हती, तरी खोलीच्या दाराला कुलूप लावलं. माठाचं झाकण काढलं. तांब्या बुडवून काठोकाठ भरला, तोंडाला धुतलेला रुमाल घट्ट बांधला. साडेसहाची एसटी वळणावर मिळते. पाणी हिंदकळू नये म्हणून तांब्या दोन्ही हातांत धरला, कोपराने फाटक लोटलं, आणि निघाले.